फुटाणे खाणारा खबरप्रमुख

माझ्या मुलीच्या कादंबरीतला खलनायक फुटाणे खातो.

बाकीच्या गुप्तहेरकथांतले खलनायक कसे रुबाबदार असतात. काळा चष्मा, बोटात खड्याची अंगठी, खिडकीकडे तोंड करून उभे राहणार आणि वळायला बराच वेळ घेणार. हा आपला प्लास्टिकच्या खुर्चीत बसून फुटाणे सोलतो आणि सालं फुंकतो. सालं समोर बांधलेल्या कैद्याच्या तोंडावर उडतात. मग तो म्हणतो, ‘‘सहज विचारतो हं,’’ आणि कैद्याला दरदरून घाम फुटतो. कारण त्यानं सहज काही विचारलं आणि पुढे त्या माणसाचं भलं झालं, असं आजवर घडलेलं नाही.

मुलगी अकरावीत आहे. अकरावीत अभ्यास करायचा नसतो, यावर आमच्या यवतमाळात दुमत नाही. म्हणून तिनं दोनशेपानी वही आणि हिरवं बॉलपेन घेऊन कादंबरी लिहायला घेतली. नायिका दोघी बहिणी, वाहन एक स्कूटी, आणि शत्रू म्हणजे हा ‘खबरप्रमुख’. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या तळघरात त्याचं मुख्यालय आहे. तिथे दोन विभाग. माहिती आत येते तो आवक विभाग. माणूस कायमचा बाहेर जातो तो जावक विभाग.

मी एका सरकारी कार्यालयात सव्वीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसतो. तरी मला काही कळलं नाही. माणसाची बुद्धी इतकी शांत झोपू शकते, हे मला त्या वहीनं शिकवलं.

वही तिनं स्वतःच माझ्या हातात दिली होती. ‘‘बाबा, शुद्धलेखन तपासून द्या.’’ मी खूश झालो. लाल पेन घेतलं, चष्मा पुसला, गुडघ्याचा पट्टा सैल केला आणि अंगणात खुर्ची टाकून बसलो. खबरप्रमुखाच्याही गुडघ्याला पट्टा होता. तोही विचार करताना स्कूटरच्या किल्लीनं कान कोरत होता. मी ते वाचलं, किल्लीनं कान कोरला आणि पान उलटलं. चाळिसाव्या पानावर मी समासात शेरा मारला : ‘खलनायक पटत नाही. इतका बावळट माणूस प्रमुख कसा होईल? वास्तवाशी मेळ हवा.’

तो शेरा बायकोनं वाचला. ती मेथी निवडत होती. ताट बाजूला ठेवून ती इतकी हसली की शेजारीण कुंपणावरून विचारायला आली, काय झालं म्हणून. बायकोनं तिलाही वाचून दाखवलं. मग दोघी हसल्या. मी वही पहिल्या पानापासून पुन्हा काढली, आणि या वेळी मला सगळं दिसायला लागलं.

‘‘हा मी आहे का?’’ संध्याकाळी मी मुलीला विचारलं.

‘‘काल्पनिक आहे बाबा.’’

‘‘गुडघ्याचा पट्टा काल्पनिक आहे?’’

‘‘पट्टा लय जणांना असतो.’’

‘‘आणि फुटाणे?’’

‘‘फुटाणे तर सगळेच खातात.’’

‘‘आणि हे मोठ्या बहिणीचं जमलेलं लग्न तो मोडतो, तेही काल्पनिक?’’

बायकोनं कढईत पळी जरा जोरात आपटली. आमच्या घरात ते उत्तर धरतात.

इथं मला माझा खरा धंदा सांगणं भाग आहे. आमच्या नात्यात कुठलंही स्थळ आलं की आधी बायोडाटा येतो, मग फोटो येतो, मग मी निघतो. चौकशीला. मुलाचं गाव गाठायचं, आपण कोण ते सांगायचं नाही, पानठेला, आटाचक्की, कटिंगचं दुकान अशा ठिकाणी टेकायचं आणि गोष्ट दुसरीकडूनच काढायची. पाऊसपाणी कसं काय, तुरीला भाव काय, आणि बोलता बोलता, तो अमक्याचा मुलगा करतो काय सध्या? लग्नासाठी आलो असं चुकूनही सांगायचं नाही. सांगितलं की सगळा गाव ‘पोरगं सोनं आहे’ म्हणतो, किंवा एखादा हुशार माणूस स्वतःच्या भाचीसाठी भांजी मारतो. लोकांच्या उत्तराचा अर्थ लावायचं शास्त्र मी वर्षानुवर्षं खपून तयार केलं आहे. पटकन स्तुती करणारा नातेवाईक असतो. ‘आपल्याले काई माहीत नाई बा’ म्हणणाऱ्याला सगळं माहीत असतं. आणि जो उत्तर देण्याआधी थुंकायला उठतो, त्याच्या मागे जावं.

या शास्त्राचा निकाल काय, असं कुणी विचारत नाही म्हणून ते टिकलं. एका मुलाला मी पूर्ण निर्व्यसनी म्हणून पास केलं होतं. हळदीच्या दिवशी तो मांडवाच्या खांबाला मिठी मारून खांबाचीच माफी मागत होता. दुसऱ्या एका घराला मी ‘सासू भयंकर भांडखोर’ म्हणून नापास केलं, कारण खिडकीतून मी स्वतः आरडाओरडा ऐकला होता. तो टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूचा होता. खरी सासू पुढे आमच्याच नात्यातल्या दुसऱ्या मुलीला मिळाली. ती सुनेचा डबा स्वतः भरून देते. तरी घरात कुठलंही स्थळ आलं की मोठा भाऊ म्हणतो, ‘‘आपला माणूस जाऊन येऊ दे आधी.’’ आणि आपला माणूस एसटीच्या वेळा पाहायला लागतो. कार्यालयात मला टपालावर शिक्का मारण्यापलीकडे अधिकार नाही. इथं मी म्हणेन त्याप्रमाणे वराती निघतात किंवा निघत नाहीत. ही सत्ता सोडवत नाही, हे खरं कारण. पोरीबाळींचं कल्याण वगैरे आपण बैठकीत सांगायचं.

तर, मोठ्या भावाची मुलगी. म्हणजे माझी पुतणी, माझ्या मुलीची ताई. आमचं घर एकच आहे, खाली आम्ही, वर भाऊ-वहिनी आणि ती. डी.फार्म झाली, बसस्टँडजवळच्या एका मेडिकलमध्ये काम करते. चार महिन्यांपूर्वी विहारातल्या एका मावशीनं तिच्यासाठी स्थळ सुचवलं. मुलाचं आर्णीत मोटार वाइंडिंगचं दुकान, घर फुलसावंगीच्या पुढे एका खेड्यात. गावाचं नाव सांगत नाही. त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही, उलट माझ्यामुळे त्यांनाच भलताच त्रास झाला.

पाहण्याच्या दिवशी मुलाला सगळ्यांनी पगारपाणी, शेती, भावंडं असं विचारलं. पुतणीनं विचारलं, ‘‘मोटार जळते कशानं?’’ त्यावर तो वीस मिनिटं बोलला. समोरचे पोहे गार झाले. वहिनी घाबरली, पण पोरगी गालावर हात ठेवून ऐकत होती, आणि मधे एकदा तिनं ‘‘मग फ्यूज कशाला असतो?’’ असंही विचारलं. निघताना दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले. ते मी पाहिलं. माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

मावशीच्या घाईमुळे या वेळी पाहणं आधी झालं होतं. मग मी चौकशीला गेलो. त्या वेळी मला एक नवी कल्पना सुचली होती. पानठेल्यावर टेकणं वगैरे जुनं झालं, आपण सरकारी माणूस आहोतच, तर सरकारी माणूसच दिसावं. कार्यालयातली लांब नोंदवही काखेत मारली, खिशाला दोन पेनं लावली आणि गावात शिरल्या शिरल्या चहाच्या टपरीवर म्हणालो, ‘‘सरकारी कामानं आलो. जरा माहिती घ्यायची आहे.’’ आणि त्या मुलाच्या बापाचं नाव घेतलं.

इतका यशस्वी दौरा मी आयुष्यात केला नव्हता. एरवी लोकांच्या पोटातून शब्द काढताना घाम निघतो. इथं लोक आपणहून येऊन सांगत होते. टपरीवाला म्हणाला, ‘‘लय बेकार हालत हाये साहेब त्या घराची.’’ एक जण म्हणाला, विहीर आटली. दुसरा म्हणाला, बाप अंथरुणावर पडून आहे, कुशीवर वळवावा लागतो. ‘‘आन् पोरगा?’’ मी विचारलं. ‘‘पोराच्या हाताले काम नाई साहेब. आर्णीत कोण्या दुकानासमोर बसून राह्यते. भेटलं तं भेटलं.’’ एका म्हातारीनं तर मला हाताला धरून नेलं आणि एक पडकी भिंत, वर फाटकी ताडपत्री, असं ठिकाण दाखवलं. ‘‘हे पाहा घर. पावसाच्या दिवसात लेकरं कोठी झोपत असतीन, सांगा तुमीच.’’ मी नोंदवहीत भराभर लिहीत होतो. लोकांनी मला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. तिघांनी निघताना आपापल्या आधार कार्डाच्या झेरॉक्स माझ्या हातात कोंबल्या आणि म्हणाले, ‘‘ध्यान ठेवजा साहेब.’’ मला वाटलं, खेड्यातली माणसं, जिव्हाळा लावतात.

घरी आल्यावर बैठक भरली. मी वही उघडून वाचली. भाऊ निवृत्त शिक्षक आहे, त्यानं प्रत्येक मुद्द्याला मान हलवली. वहिनी मधेच म्हणाली, ‘‘पण पोरगा तं चांगला नीटनेटका वाटला होता.’’ मी म्हणालो, ‘‘वहिनी, एक इस्त्रीचा शर्ट सगळ्यांकडे असतो.’’ हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. नकार ठरला. कारण काय कळवायचं, तर आमच्याकडे त्यासाठी एकच कारण आहे आणि ते सगळ्या मुलींना चालतं : ‘मुलगी पुढे शिकायचं म्हणते.’

पुतणीला सांगितलं. ती ‘‘बरं’’ म्हणाली आणि वर गेली. मी ते संमती म्हणून नोंदवलं.

आता तिला पाहायला येत्या रविवारी वर्ध्याचे पाहुणे येणार होते. तेही स्थळ माझ्याच चौकशीतून पास झालेलं. पोह्यांचं सामान आणून झालं होतं. आणि बुधवारी माझ्या हातात ही वही.

प्रकरण नववं. खबरप्रमुख वेश बदलून एका खेड्यात येतो. त्याच्या काखेत लांब वही, खिशाला दोन पेनं. टपरीवर पोचताच तो म्हणतो, सरकारी कामानं आलो. पुढचं मी माझ्या मुलीच्या अक्षरात वाचलं : ‘क्षणात गावभर बातमी गेली की घरकुलाची यादी करायला साहेब आला आहे आणि तो एकाच घराबद्दल विचारतो आहे. गावानं ठरवलं, आपल्या माणसाला घर मिळालंच पाहिजे. ज्याला जेवढं गरीब करता येईल तेवढं त्यानं करावं. मग कुणी विहीर आटवली. कुणी चालत्या माणसाला अंथरुणावर झोपवलं. एका आजीनं शत्रूला बैलांचा गोठा दाखवून तेच घर आहे असं सांगितलं. अशा रीतीनं, ज्याला आपण सगळ्या जिल्ह्याचा कान आहोत असं वाटत होतं, त्या खबरप्रमुखाला एका अख्ख्या गावानं मिळून उल्लू बनवलं.’

मी ते दोनदा वाचलं. मग कपाट उघडून तीन झेरॉक्स काढल्या. ज्या तिघांनी मोठ्या आशेनं त्या माझ्या हातात दिल्या होत्या, त्यांचे फोटो माझ्याकडे बघत होते.

मुलगी दारात उभी होती. वही तपासायला का दिली होती, ते आता मला समजलं.

‘‘हे तुला कुणी सांगितलं?’’

‘‘ताईनं.’’

‘‘तिला?’’

‘‘आर्णीवाल्यांनी. त्यांना त्यांच्या आईनं. घरकुल कधी येते म्हणून त्या टपरीवर विचारायला गेल्या, तेव्हा वर्णन ऐकलं. किल्लीनं कान कोरणारा साहेब.’’ ती जरा थांबली. ‘‘बाबा, तुम्ही सोडून खाली सगळ्यांना माहीत आहे. आईला पण.’’

‘‘मग मला कुणी का नाही सांगितलं?’’

‘‘मी सांगणार होते. ताई नको म्हणाली. म्हणाली, काकांना घरात तेवढा एकच मान आहे, तो कशाला घालवायचा.’’

शत्रूच्या गोटातून इतका नेमका वार खबरप्रमुखावर सबंध कादंबरीत झालेला नाही. मुलीच्या दोन नायिका त्याच्यावर मिरचीपूड फेकतात, स्कूटी घालतात, त्याच्या तळघरात पाणी सोडतात. पण अशी दया कुणी दाखवत नाही.

‘‘शेवटी काय होतं त्याचं?’’ मी विचारलं.

‘‘ठरलं नाही अजून. ताई म्हणते मारू नको. मी म्हणते मारायला पाहिजे.’’

मी चपला घालून वर गेलो. भाऊ झोपाळ्यावर बसून पेपर वाचत होता, वहिनी कणीक मळत होती. पुतणी कामावरून यायची होती.

‘‘भाऊ, त्या आर्णीच्या स्थळाचा माझा अहवाल चुकला.’’

‘‘किती चुकला?’’ त्यानं पेपर खाली न करता विचारलं.

‘‘सगळा.’’

मग मी घरकुल, गोठा, झेरॉक्स सगळं सांगितलं. वहिनी कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर आली. ‘‘मी म्हणतच होती. पण माझं कोण ऐकते? तुम्ही तं वही घेऊन बसले, मुन्सिपालटीचा ठराव वाचल्यावानी! पोरगी तवापासून नीट जेवून नाई राह्यली.’’

‘‘जेवत नाही?’’ भाऊ म्हणाला. ‘‘मला कुणी बोललं नाही.’’

‘‘तुमाले दिसत नाई का? समोर तं बसते ताटावर!’’

भावानं पेपरची घडी घातली. मग आमच्या घराण्याला शोभेल असा तोडगा त्यानं काढला. ‘‘असं कर. तू पुन्हा एकदा जाऊन चौकशी करून ये. या वेळी नीट कर.’’

‘‘चौकशी नाही करायची आता भाऊ. जाऊन खरं सांगायचं. माफी मागायची.’’

‘‘नकार आपण पाठवला. आता कोण्या तोंडानं जायचं?’’

‘‘माझ्या,’’ मी म्हणालो. एरवीही त्या गावात माझं तोंडच ओळखीचं होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. कादंबरीतला खबरप्रमुख हेलिकॉप्टरनं हिंडतो. मला एसटीत चाकावरची सीट मिळाली. आर्णी येईपर्यंत गुडघा हनुवटीला लागत होता. आर्णीच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा पलीकडच्या ओळीत मोटार वाइंडिंगचं दुकान दिसलं. बाहेर दुरुस्तीला आलेल्या मोटारी रांगेनं ठेवलेल्या होत्या आणि मुलगा उकिडवा बसून तांब्याची तार गुंडाळत होता. पाच-सहा गिऱ्हाइकं उभी होती. ‘कोण्या दुकानासमोर बसून राह्यते’ हे वाक्य तसं खोटं नव्हतं. दुकान त्याचंच होतं, एवढंच गावानं गाळलं होतं. मला वाटलं, उतरावं आणि त्याच्याशी बोलावं. पण आधी थोरांकडे जायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या डोळ्यांत बघण्याइतकी हिंमत अजून जमली नव्हती.

पुढे महागावला उतरून ऑटो केला. टपरीवर पाय ठेवताच टपरीवाला ओरडला, ‘‘आले, साहेब आले! यादी लागली का साहेब?’’

दहा-बारा माणसं जमली. ती तीन झेरॉक्सवाली माणसं सगळ्यात पुढे. मी खिशातून झेरॉक्स काढून ज्याच्या त्याच्या हातात दिल्या. पेनं मी घरीच ठेवून आलो होतो, तरी हात सारखा खिशाकडे जात होता.

‘‘मी कोणी साहेब नाही,’’ मी म्हणालो. ‘‘मी पोरीचा काका आहे. यवतमाळहून मुलाची चौकशी करायला आलो होतो. लग्नासाठी.’’

मग ती म्हातारी, गोठा दाखवणारी, गर्दीतून पुढे आली.

‘‘लग्नासाठी?’’

‘‘हो आजी.’’

‘‘मंग आधी काहून नाई सांगतलं रे बाबू? आमी त्याच्या बापाले लुळा करून टाकला नं तुह्यापायी! चालत्याबोलत्या मानसाले खाटेवर झोपवलं!’’

‘‘माझ्या घरात पाच खोल्या हायेत म्हणून मी याइले सांगणार होतो,’’ झेरॉक्सवाल्यांपैकी एक जण कपाळाला हात लावून म्हणाला, ‘‘बरं झालं नाई सांगतलं, नाईतं पोरगी मलेच देऊन राह्यले असते.’’

लोक हसले. खूप वेळ हसले. मला कुणी मारलं असतं तर बरं वाटलं असतं, पण ते फक्त हसले, आणि चहा पाजला. मग म्हातारी मला धरून मुलाच्या घरी घेऊन गेली. वाटेत जो भेटेल त्याला ती माझी ओळख करून देत होती : ‘‘हा पाह्य, हा तो साहेब. साहेब नाई, काका व्हय.’’

घर पक्कं होतं. स्लॅबचं, ओट्यावर कुंड्या, मागे विहीर, तिला पाणी. अंथरुणाला खिळलेला बाप डोक्यावर तुरीच्या काड्यांचा भारा घेऊन आत आला, भारा टाकला आणि माझ्यासमोर खुर्ची ओढली. मुलाच्या आईनं पाणी आणलं, मग चहा. मी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, इस्त्रीच्या शर्टाचं वाक्यसुद्धा सांगितलं, कारण ते कालपासून टोचत होतं.

बापानं शांतपणे ऐकलं. ‘‘तुमच्याकडून निरोप आला होता, पोरगी पुढे शिकते म्हणून. काय शिकून राह्यली?’’

‘‘काही नाही. ते खोटं होतं.’’

‘‘आमचा पोरगा आठ दिवस म्हणत होता, शिकू द्या तिले, थांबतो मी.’’

मी पाण्याचा पेला उचलला आणि पुन्हा ठेवला.

तेव्हा मुलाची आई पहिल्यांदा बोलली. ‘‘पोरगी कशी हाये तुमची?’’

हा प्रश्न माझ्या हातखंड्यातला. मी सुरू झालो. ‘‘डी.फार्म, पहिल्या श्रेणीत. उंची पाच फूट तीन. स्वयंपाक...’’

‘‘ते कागदावर हाये. कागद आमच्या घरीच हाये. मी म्हणते, पोरगी कशी हाये? हसते कायच्यानं? राग आला तं काय करते, बोलते का चूप राह्यते? तुमच्या घरातच राह्यते नं?’’

माझ्याच घरात, माझ्या डोक्यावरच्या खोलीत ती पोरगी चोवीस वर्षं राहते आहे. दूरदूरच्या मुलांच्या मावशांचे स्वभाव मला तोंडपाठ आहेत. कोणाचा मामा कुठे पितो ते सांगू शकतो. आणि या बाईनं विचारलेल्या तीन साध्या प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. जेवत नाही, हेसुद्धा काल कळलं होतं. चूप राहते, एवढं मी सांगू शकलो असतो. पण ती आमच्यासमोरच चूप राहते की सगळीकडेच, हे कुठं माहीत होतं?

‘‘मला माहीत नाही,’’ मी म्हणालो. ‘‘तिलाच विचारता का?’’

मी फोन लावला. मागे गिऱ्हाइकाचा आवाज येत होता, कुणीतरी ॲसिडिटीची गोळी मागत होतं.

‘‘बोला काका.’’

‘‘मी आर्णीच्या... त्यांच्या घरी आलो आहे. मुलाच्या. मी सगळं सांगितलं त्यांना. चूक माझी होती. त्याच्या आईला तुझ्याशी बोलायचं आहे. तुझी इच्छा असली तर. नसली तर मी आत्ता उठतो.’’

गिऱ्हाइकानं पुन्हा गोळी मागितली.

‘‘काका,’’ ती म्हणाली, ‘‘स्पीकर बंद करून द्या.’’

मी खरोखरच स्पीकर चालू ठेवला होता. सवय. तो बंद करून फोन दिला. मुलाची आई फोन घेऊन मागच्या अंगणात गेली, विहिरीपाशी. आम्ही दोघे पुरुष ओट्यावर बसून राहिलो. मी कान दिला नाही असं लिहिलं तर माझी मुलगी लाल पेनानं खाली रेघ मारेल. दिला. पण शेजारी कुणाची तरी मळणी चालू होती, त्यात काही कळेना. बाईचं हसणं मात्र एकदा आलं, मग पुन्हा आलं. मुलाचा बापही मान तिरपी करून ऐकत होता.

‘‘काय बोलून राह्यल्या असतीन?’’ त्यानं हळूच मला विचारलं.

‘‘मला काय माहीत बा,’’ मी म्हणालो, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या वाक्याचा अर्थ तेवढाच होता.

बाई परत आली तेव्हा तिनं पदरानं डोळे टिपले होते. हसून की रडून, मी विचारलं नाही. फोन माझ्या हातात दिला.

‘‘रविवारी येतो म्हणत होती मी. तं पोरगी म्हणते, त्या दिवशी वर्ध्याचे पाहुणे हायेत.’’

‘‘मी बघतो त्याचं,’’ मी घाईनं म्हणालो. ‘‘त्यांना कळवतो, मुलगी पुढे...’’

‘‘थांबा. पोरीनं तेच सांगतलं. म्हणते, काकांनीच फोन करावा, तुमच्या समोर करावा, आन् खरं कारण सांगावं. वर्ध्याच्या पोरानं काय वाईट केलं, त्याले काहून खोटं सांगायचं?’’

मी नंबर काढला. वर्ध्याच्या मुलाचे वडील सज्जन गृहस्थ, आवाजात आधीच रविवारचा आनंद. कितीजण येऊ विचारत होते. माझ्या तोंडाला जुनं वाक्य इतकं सवयीचं झालं होतं की त्याचे पहिले दोन शब्द बाहेर पडलेसुद्धा. मी ते गिळले.

‘‘साहेब, तुम्ही रविवारी येऊ नका,’’ मी म्हणालो. ‘‘आमच्या मुलीला दुसरा मुलगा आवडतो. आम्ही तिला विचारलंच नव्हतं. माफ करा.’’

ते फक्त ‘‘बरं’’ म्हणाले आणि फोन ठेवला. तो ‘‘बरं’’ कसला होता, रागाचा की सुटकेचा, मी त्याचा अर्थ लावत बसलो नाही. इतक्या वर्षांत मी दिलेली ही पहिली माहिती, जिच्यासाठी मला कुठल्याही टपरीवर बसावं लागलं नव्हतं.

मुलाच्या आईनं माझ्यासमोरचा गार झालेला चहा उचलला आणि दुसरा मांडायला आत गेली.